न भाजलेली पट्टी

“ताई, माझं ऐका. जुनी पट्टी घ्यायचीच असेल तर तीन दिवस इथं सोडून जावा. भाजून देतो. तशीच घरी नेऊ नका.”

गड्डमअण्णांनी हे सांगितलं तेव्हा गिरिजाच्या कडेवर चौदा महिन्यांची मल्ली होती, एका हातात सुट्या भागांची यादी होती आणि डोक्यात पाडव्याचा मुहूर्त होता. दुकानाच्या दाराला झेंडूची माळ, आत ही गर्दी. अर्धं सोलापूर त्या सकाळी डेस्कटॉप घ्यायलाच बाहेर पडलंय असं वाटत होतं.

तसं ते पडलंच होतं म्हणा. तीन वर्षांपूर्वी लाखो घरांमधली बोलणी कुठल्याशा कंपनीच्या साठ्यातून बाहेर फुटली, नवराबायकोंची भांडणंसुद्धा लोकांनी फोनवर ऐकली, आणि मग कायदा आला, की घरातला आवाज घराबाहेर जाता कामा नये. लेकरांवर, म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवणारे प्रोग्रॅम लोकांना तर हवेच होते. ते चालवायला फोनची ताकद पुरेना. मग अडगळीत गेलेला डेस्कटॉप पुन्हा घरात आला, कॅबिनेटवर हळदीकुंकू लावून.

गिरिजाने दोन महिने अभ्यास केला होता. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई, एक व्हिडिओ सोडला नाही. तरी अण्णांसमोर यादी ठेवताना तिला परीक्षेला बसल्यासारखं झालं.

अण्णांनी पेन्सिल घेऊन खाडाखोड सुरू केली. “कॅबिनेट साधी घ्या. ही दिव्यांची कशाला? पोरगी गेम खेळायला अजून पंधरा वर्षं आहेत. प्रोसेसर एक पायरी खाली या, काही बिघडत नाही. तुम्हाला काय सिनेमा काढायचाय? कीबोर्ड जुना आहे न घरी? मग तोच लावा. पॉवर सप्लायला मात्र हात आखडू नका. आणि मेमरीच्या पट्टीला.”

वाचलेल्या पैशांत गिरिजाने चार खोल्यांसाठी चार माईक घेतले, सगळ्यात मोठा यूपीएस घेतला, भिंतीवर खोलीचं तापमान आकड्यांत दाखवणारी एक टिकली घेतली. दिसणाऱ्या काळजीवर खर्च करताना तिचा हात कधी आखडत नसे. पट्टीपाशी आल्यावर गाडी अडली. नवी सव्वीस हजारांना, एक्स्चेंजमध्ये आलेली जुनी पंधराला. जुनीवर हिरवं स्टिकर होतं: पुसलेली, तपासलेली.

“पुसलेली आहे की अण्णा.”

“पुसलीय. भाजली नाही.”

“फरक काय?”

“पुसल्यानं धूळ जाते ओ. घडी जात नाही.”

मागून कुणीतरी बिलासाठी हात पुढे घातला. बाहेर नो पार्किंगमध्ये तिचा नवरा महांतेश हॉर्न वाजवत होता. त्याची रजा त्या संध्याकाळी संपत होती. रात्रीच्या गाडीने तो साताऱ्याकडच्या पवनचक्क्यांवर परत जाणार होता. फोन वाजला. “गिरिजे, आटप. आईने साडेअकराच्या आत पूजा करा म्हणून तिसऱ्यांदा सांगितलंय.”

पाडव्याची खरेदी पाडव्यालाच उंबऱ्याच्या आत यायला हवी. तीन दिवसांनी आणून कशाला हात लावायचा? आणि आणायला येणार तरी कोण?

“अण्णा, भाजायला ती पट्टी आहे का पापड?” ती म्हणाली.

अण्णाही हसले. म्हणाले, “तुमची मर्जी.” आणि त्यांनी पट्टी पिशवीत टाकली.

*

या पट्ट्यांना दुकानदार ‘शिकाऊ मेमरी’ म्हणत. जुन्या मेमरीत प्रत्येक कप्प्यात शून्य तरी असे, नाहीतर एक. शिकाऊ मेमरीचा कप्पा म्हणजे काचेसारख्या एका मिश्रधातूचा कण. त्याला विजेचा चटका दिला, की तो वितळून पुन्हा थिजतो. चटका जसा असेल तसा तो पुढे विजेला कमी किंवा जास्त अडवतो. शून्य आणि एकच्या मधल्या शेकडो पायऱ्यांपैकी एका पायरीवर तो बसतो. प्रोग्रॅम जे शिकतो ते या पायऱ्यांमध्ये लिहिलं जातं, आणि वीज गेली तरी तिथंच राहतं. त्यामुळे यंत्र स्वस्त झालं, गार चालू लागलं, आणि घरच्या घरी शिकू लागलं.

गिरिजाच्या घरी ‘राखण’ नावाचा प्रोग्रॅम होता. तो चारही खोल्या ऐकायचा. एखादा आवाज कळवण्याजोगा वाटला की गिरिजाच्या स्क्रीनची कड लाल व्हायची आणि हेडफोनमध्ये दोन टोल पडायचे. उगीचच कळवलं असेल तर आपण ‘नेहमीचं’ नावाचं बटण दाबायचं. मग तो तसल्या आवाजाला त्या वेळेपुरता गप्प राहायला शिकायचा. मिक्सर, कबुतरं, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची यांना गिरिजाने पहिल्या दोन दिवसांतच नेहमीच्यात टाकलं.

तिचं स्वतःचं कामही ऐकण्याचंच होतं. डॉक्टर लोक पेशंट तपासून फोनवर भराभर बोलून ठेवत, यंत्र ते लिहून काढी, आणि यंत्राने मिलिग्रॅमचं ग्रॅम तर केलं नाही ना, हे गिरिजा ऐकून तपासायची. दुपारी दीड ते साडेपाच, दार लावून, कान झाकणारे हेडफोन घालून. मल्ली पलीकडच्या खोलीत, पाळण्यात, कूलरसमोर.

पहिल्या आठवड्यात दुपारी दोन टोल रोज पडले. गिरिजा धावत जायची, मल्लीला उचलायची, पाणी पाजायची, पुन्हा थोपटायची. दुसऱ्या आठवड्यात टोल कमी झाले. तिसऱ्यात दुपारचे टोल थांबलेच. सकाळी, संध्याकाळी, रात्री राखण चोख होता. मल्लीने कुशी बदलून हुं केलं तरी कळवायचा.

“दुपारी दोन ते चार गाढ झोपते गं आता,” तिने आईला फोनवर सांगितलं. “कूलरची हवा मानवली.”

“दृष्ट लावशील. कुणाला सांगू नको,” आई म्हणाली.

गिरिजाने तरी सांगितलं. कामावरच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सांगितलं, लसीकरणाच्या रांगेत सांगितलं. इतक्या काळजीतून एखादी गोष्ट सुरळीत झाली की माणूस सांगत सुटतं.

*

पाचव्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. त्या सकाळी मल्लीचं अंग जरा कोमट लागलं, पण चव्वेचाळीसमध्ये सगळंच कोमट लागतं. एकला तिला वरणभात भरवून गिरिजाने झोपवलं आणि दीडला हेडफोन चढवले.

दोन वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. यूपीएसने कॉम्प्युटर उचलून धरला, स्क्रीन पापणीही न लवता चालू राहिली. टेबलावरचा छोटा पंखा कॉम्प्युटरलाच जोडलेला, तोही फिरत राहिला. कूलर थांबला, पण तो पलीकडच्या खोलीत. हृदयरोगाचे एक डॉक्टर कानात बोलत होते. गिरिजा एका औषधाच्या नावापाशी अडली होती आणि ते मागे नेऊन नेऊन ऐकत होती.

टेबलावरच्या तांब्यातलं पाणी थरथरलं म्हणून तिने हेडफोन काढला. कुणीतरी दार बडवत होतं.

दारात शेजारची शाहीन बागवान होती. वर्षभरात दोघींमध्ये जिन्यातल्या ‘काय ऊन आहे’पलीकडे बोलणं झालं नव्हतं.

“ताई, तुमची पोरगी…” शाहीन धापा टाकत होती. “मघापासून रडत होती ओ. मी दोनदा बेल वाजवली. लाइट नाही, बेल वाजणार कशी, हे टाळक्यातच आलं नाही माझ्या. म्हटलं झोपला असाल, आपण कशाला नाक खुपसा. परत गेले.”

“आणि?”

“आणि मग तिचा आवाजच बंद झाला. म्हणून आले.”

पुढचं गिरिजाला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. खोलीचं दार उघडल्यावर अंगावर आलेली हवा. पाळण्याच्या जाळीत अडकलेली मल्लीची मूठ. मूठ सोडवताना बोटं एकेक करून उघडावी लागली. डोळे अर्धे उघडे होते. शाहीनने ओढणी ओली करून तिला गुंडाळलं, शाहीननेच स्कूटर काढली, आणि मागे बसलेल्या गिरिजाला सिग्नलवर लागलेली एक जाहिरात अक्षर न् अक्षर पाठ झाली. आंब्याच्या पेट्यांची होती.

डॉक्टरांनी इवल्याशा हाताला सुई लावली, सलाइन सुरू केलं. “ताप होता, त्यात ही खोली,” ते म्हणाले. “अजून वीस मिनिटं गेली असती, तर मी तुमच्याशी असा बोलत नसतो.”

गिरिजाने मान हलवली. रडू येईल म्हणून ती थांबली, पण ते आलं नाही. तिला आपल्या हातांकडे बघावंसं वाटलं. ते नीट होते. एका बोटाला अजून वरणाची हळद होती.

*

मल्ली दोन दिवसांत घरी आली. महांतेश रजा टाकून आला. त्याने पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला आणि राखणची नोंदवही वाचली.

दुपारी २.११. मूल रडणे. नेहमीचे. कळवायचे नाही.
२.१४. मूल रडणे, जोरात. नेहमीचे. कळवायचे नाही.
२.२६. दार वाजणे. कळवायचे नाही.

तो मागे मागे जात राहिला. आदल्या दिवशीही होतं. त्याच्या आदल्या दिवशीही. तीन आठवडे रोज, दोन ते चारमध्ये. कधी पंचवीस मिनिटं, कधी दहा. तारखा पुढे सरकतील तसं रडणं कमी कमी होत गेलेलं.

मल्ली दुपारी झोपत नव्हती. ती जागी व्हायची, हाक मारायची, आणि कुणी येत नाही म्हणून हळूहळू थांबायला शिकत होती.

“गिरिजे,” महांतेश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “तू दुपारी कधी ते बटण दाबलं होतंस का? नेहमीचं?”

“नाही.”

मग ती म्हणाली, “माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“एकदा संध्याकाळी भाताची पेज काढत होते. ती नुसती किरकिर करत होती. तेव्हा दाबलं. एकदाच. दुपारी… दुपारी आठवत नाही.”

महांतेश ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कोणतं बटण कोणी दाबलं याची यादी शोधली. ती तीस दिवसांचीच राहत होती, आणि पहिला आठवडा तिच्यातून पुसला गेला होता. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि मल्लीला उचलून गॅलरीत गेला. तिथूनच म्हणाला, “कामाच्या गडबडीत दाबलं गेलं असेल. होतं असं.”

त्या ‘होतं असं’मध्ये क्षमा होती, आणि क्षमा म्हणजे तिनेच दाबलं हे ठरलेलं होतं. गिरिजाने भांडी घासायला घेतली. पाणी किती गरम होतं ते तिला भांडी संपल्यावर कळलं.

रविवारी तो गेला. सोमवारी दुपारी ती मल्लीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. अडीचला मल्ली जागी झाली. तिने कुशी बदलली, डोळे उघडले आणि पाळण्याच्या जाळीतून पंख्याकडे बघत राहिली. रडली नाही. हाक मारली नाही. अर्धा तास तशीच. गिरिजा चार हातांवर होती, पण मल्लीने वळून शोधलंसुद्धा नाही.

मंगळवारी गिरिजाने कॅबिनेट ओढणीत बांधली, मल्लीला शाहीनकडे ठेवलं आणि रिक्षा केली.

*

दुकानात पाडव्याची माळ वाळून तशीच लटकत होती. अण्णा एकटेच होते.

“मला एवढंच सांगा,” गिरिजा म्हणाली. “हे मी शिकवलं का त्याला?”

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मल्ली आता कशी आहे ते दोनदा विचारलं. मग पट्टी काढून तपासणीच्या यंत्रात खोचली. स्क्रीनवर राखाडी ठिपक्यांचं मैदान उमटलं, आणि त्याच्या एका कोपऱ्यात, जणू कुणी नखाने ओढलाय, असा काळा पट्टा.

“तुमचा धडा नाही हा, ताई. पाच आठवड्यांत एवढं काळं होत नाही.”

मग त्यांनी समजावलं. कप्प्यातला काचेसारखा कण एकाच पायरीवर वर्षानुवर्षं बसला, की त्याची आतली रचनाच तशी होऊन बसते. कपाटात एकाच घडीवर ठेवलेल्या इरकल साडीचं जसं होतं. इस्त्री फिरवली की वरून सपाट दिसते, पण चार दिवस ठेवून द्या, घडी आपोआप त्याच रेषेवर परत येते. पुसणं म्हणजे ती इस्त्री. भाजणं म्हणजे पट्टी तीन दिवस मंद आचेच्या भट्टीत ठेवायची, कण पार विस्कटून नव्याने बसेपर्यंत. बाकीचे कप्पे रोज बदलतात, त्यांना घडी पडत नाही. पण एखादा धडा घरात रोज, न चुकता, वर्षानुवर्षं तोच असेल तर पडते. आणि सगळीकडे प्रोग्रॅम तोच. दुपारचा धडा लिहायची जागाही तीच.

“म्हणून पहिला आठवडा ठीक होतं,” गिरिजा म्हणाली.

“होय की. मग घडी परत आली.”

तिला वाटलं होतं, आपण दाबलं नाही हे कळलं की आत काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. उलट एक प्रश्न संथपणे वर आला, तळ्यात बुडवून ठेवलेलं काहीतरी वर यावं तसा.

“अण्णा, मग शिकवलं कुणी? आणि काय गप्प करायला?”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला. “उलटं चालवून बघता येतं. कशाला बघायचं ताई. जाऊ द्या.”

“बघू या.”

एरवी आवाज ऐकून राखण ठरवतो, की हा कळवायचा का नाही. उलटं चालवायचं म्हणजे त्यालाच विचारायचं: कोणता आवाज आला तर तू अगदी खात्रीने गप्प राहशील? यंत्र नुसत्या खरखरीपासून सुरू करतं, ती जराजरा बदलत जातं, आणि खात्री वाढेल तिकडे सरकतं. शेवटी जे उरतं ते कुणा एका दिवसाचं ध्वनिमुद्रण नसतं. शेकडो दिवसांचे आवाज एकावर एक ठेवले, तर जे जे रोज सारखं होतं तेवढं ठळक होतं, बाकीचं धुरकट.

चाळीस मिनिटं लागली. अण्णांनी दुकानातला पंखा बंद केला.

आधी खरखर. मग एक घरघर, ठेक्यात, मध्येच अडखळणारी. आणि तिच्यावर, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

“नाने… ए नाने… दार काढ गं… नाने…”

एवढंच, पुन्हा पुन्हा. राग नव्हता त्यात. घाई पण नव्हती. उत्तर येणार नाही हे माहीत आहे, पण हाक मारायची वेळ झालीय, असा आवाज.

अण्णांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, “अजून एकदा लावू?”

“लावा.”

दुसऱ्यांदा अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांचं लहानपण यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं होतं. ठोका कानात मुरलेला. “माग नाही हा,” ते म्हणाले. “पिठाची गिरणी आहे. पट्टा ढिला झालाय, फिरताना निसटतो. भिंतीला लागूनच असणार. आणि बंद दारामागची हाक म्हातारीची का लेकराची, याला काय कळतंय.”

“पट्टी आली कुठून?”

“लॉटमधून येतात ताई. लातूर, पुणे, कोल्हापूर, नगर. नावं, पत्ते सगळं पुसून येतं, कायदाच आहे तो.”

“किती वर्षांची घडी ही?”

“तीन तरी.” अण्णांनी पंखा लावला नाही. “रोज.”

गिरिजा म्हणाली, “पट्टी विकली म्हणजे कदाचित… आता गरज राहिली नसेल. त्या बाई…”

अण्णांनी पट्टी यंत्रातून काढून काउंटरवर ठेवली. गिऱ्हाइकाला दर सांगताना लपवाछपवी न करणारा तो माणूस होता, त्यामुळे शेवटी बोललेच.

“विकलेली नाही ही. एक्स्चेंजची आहे. मोठी पट्टी घेतली तरच कंपनी जुनी परत घेते. त्यांनी अपग्रेड केलंय, ताई.”

बाहेर एक टेम्पो मागे येत पीं पीं करत होता. दोघांनी तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

“आता भाजून टाकतो,” अण्णा म्हणाले. “पैसे नको. नवी लावून देतो, तिचेही अर्धेच द्या. मीच त्या दिवशी हटून बसायला पाहिजे होतं.”

“भाजली की हा आवाज जाईल?”

“जाईल की. त्यासाठीच भाजायची.”

गिरिजाने हात पुढे केला. “राहू द्या. तशीच द्या.”

*

तिने दुपारची पाळी सोडली, पहाटेची घेतली. पैसे कमी मिळतात. कॉम्प्युटरमध्ये पट्टीची जागा मोकळी आहे. माईक काढून तिने शाहीनच्या मुलाला गाणं म्हणायला दिले. महांतेशला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तुझी चूक नव्हती.” मग थांबून म्हणाला, “मी तसं बोलायला नको होतं.” ती म्हणाली, “जेवलास का?” या गोष्टी नीट व्हायला वेळ लागणार होता, आणि वेळ तिच्याकडे आता दुपारी भरपूर होता.

त्या वेळात तिने फोन केले. म्हाताऱ्या माणसांसाठी असलेल्या मदतीच्या नंबरावर एक गोड आवाजाची मुलगी होती.

“आजींचा पत्ता सांगा मॅडम.”

“पत्ता नाही. गिरणीशेजारी.”

“गाव?”

“माहीत नाही.”

“नाव तरी?”

“त्यांचं नाही. त्या ज्या बाईला हाक मारतात तिचं नाव नानी असावं.”

मुलीने सगळं लिहून घेतलं आणि पत्ता मिळाला की कळवा म्हणाली. चौकीतल्या हवालदाराने आवाज पूर्ण ऐकला, टोपी काढून डोकं खाजवलं. “आमची आजी पण असंच करायची हो. दार उघडलं की रस्त्यावर जायची, म्हणून लावून ठेवायचो. घरची माणसं तरी काय करणार?”

त्याचं खोटं नव्हतं. गिरिजाने नानीचा राग करून पाहिला, तोही जमला नाही. नानी बहुधा दुपारीच जरा आडवी होत असेल. सकाळपासून उपसा, रात्रीची जागरणं, मध्ये हे दोन तास. एका दुपारी तिने बटण दाबलं असेल, एकदाच, पेज काढतानाच्यासारखं. मग पुढचं यंत्राने केलं. आणि मग यंत्र अपुरं पडायला लागलं असेल, म्हणून मोठं घेतलं असेल, जाहिरात बघून, सणाच्या सवलतीत, कुठे वाचवायचं आणि कुठे नाही हे नीट ठरवून.

पट्टी कपाटात मल्लीच्या बारशाच्या वाळ्यांशेजारी, स्टीलच्या डबीत आहे. दुपारी गिरिजा पाळण्याशी बसते. अडीचला मल्ली डोळे उघडते आणि पंखा बघते. गिरिजा म्हणते, “मल्ली, मी इथं आहे. हाक मार की.” मल्ली तिच्याकडे बघते, हसते, हात वर करते, पण तोंडातून आवाज काढत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल परत, धीर धरा.

मल्ली पाच आठवड्यांत थांबली. ती बाई तीन वर्षं हाक मारत राहिली. गिरिजाला हे पुन्हा पुन्हा आठवतं, आणि आठवून काय वाटायला हवं ते कळत नाही. फक्त दोन वाजले की तिचे कान उभे राहतात.

म्हणून ही गोष्ट वाचणाऱ्यांकडे तिचं एक काम आहे. तुमच्या गल्लीत पिठाची गिरणी असेल, आणि चालताना तिचा पट्टा मध्येच निसटत असेल, तर आज दुपारी दोननंतर जरा बाहेर येऊन उभे राहा. गिरणी थांबण्याची वाट बघा. शेजारच्या भिंतीमागून कुणी नानीला हाक मारतंय का ऐका. येत असेल तर त्या घरी जा, आणि येत नसेल तर जास्त घाईने जा. नुसती बेल वाजवून परत फिरू नका, लाइट गेलेली असू शकते, दार वाजवा. नानी उघडेल. दमलेली असेल, म्हणेल, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. तिला रागावू नका. म्हणा, असू द्या, तुम्ही पडा जरा, मी त्यांच्यापाशी बसते. आणि आतलं दार उघडून बघा.